डिमेन्शिया झालेल्या माणसाची काळजी: आधी माणूस जाणून, मग काम

दोघांचा डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू हिरावणारा मेंदूचा आजार, सारखाच पुढे गेलेला असतो, तपासणीचे अहवालही जवळपास सारखे असतात. तरी एक जण निवांत अंघोळ करून बाहेर येतो आणि दुसरा बाथरूमच्या दारातच अडून बसतो. पुष्कळदा हा फरक पडतो तो भोवतालच्या गोष्टींमुळे: पाणी गार होतं का, हात कोणी आणि कसा लावला, त्या माणसाची आयुष्यभराची अंघोळीची वेळ कोणती होती. ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत हाच मुद्दा लावून धरला. डिमेन्शिया झालेल्या माणसाची अवस्था मेंदूच्या झिजेइतकीच त्याला मिळणाऱ्या वागणुकीवरही ठरते, असं त्यांचं म्हणणं होतं. जिवाला आराम, कुणाचा तरी आधार, चारचौघांत सामावून घेतलं जाणं, हाताला काम आणि 'मी कोण' याची ओळख या पाच गरजा त्यांनी मांडल्या, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी प्रेम ठेवलं. मनात वाईट काही नसतानाही काळजी घेणारे कसं दुखावतात, याचीही त्यांनी यादी केली होती: घाई करणं, फसवून नेणं, लहान मूल समजणं, समोर बसवून त्याच्याविषयी तिसऱ्याशीच बोलणं.

असं दुखावणं टाळून, माणूस ओळखून त्याच्या गरजांप्रमाणे घेतलेल्या काळजीला व्यक्तिकेंद्री काळजी म्हणतात. ती नुसत्या चांगल्या मनाने जमत नाही. माणसाविषयीची नेमकी माहिती, ज्या क्षणी त्याला हात लावायचा त्या क्षणी, हात लावणाऱ्याला ठाऊक असावी लागते. सगळी मेहनत तिथे आहे.

एक पान लिहून ठेवा

जीवनकथेच्या जाडजूड वह्या कपाटात पडून राहतात. नवी नर्स किंवा रात्रपाळीची मदतनीस दोन मिनिटांत वाचू शकेल असं एकच पान करा. आजार सुरुवातीचा असेल तर ते त्या व्यक्तीकडूनच, तिच्याच शब्दांत, 'मला' असं लिहून घ्या. पुढे बोलणं कमी झालं तरी ते शब्द तिच्या बाजूने बोलत राहतात.

पानावर पहिली ओळ हाकेची. काय म्हणून हाक मारलेली आवडते? आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाई 'आजी' म्हटल्यावर वळून बघत नाहीत, पण 'बाई' म्हटल्यावर लगेच बघतात. त्याखाली उठण्याची, झोपण्याची, अंघोळीची आणि शौचाची नेहमीची वेळ. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, चष्मा वाचायला लागतो की चालायला, हात डावा की उजवा. जुनं दुखणं कुठे आहे आणि दुखलं की चेहरा किंवा हात नेमका काय करतो. लघवीला जायचं असेल तेव्हा कोणता शब्द वापरतात, किंवा कोणती खूण करतात. कोणत्या विषयाने जीव घाबरा होतो. आणि बेचैनी वाढली की काय केल्याने ती उतरते.

इथे ढोबळ लिहिण्याची चूक सर्रास होते. 'संगीत आवडतं' ही ओळ कुणाच्याच उपयोगाची नाही. 'संध्याकाळी पाचनंतर बासरी हळू आवाजात लावली की हात चोळणं थांबतं. गाण्याबरोबर कुणी मोठ्याने बोललं की परत सुरू होतं' ही ओळ उपयोगाची आहे. साधारण दर तीन महिन्यांनी पान तपासा, आणि रुग्णालयातून परत आल्यावर तर लगेच, कारण तोवर बरंच बदललेलं असतं. रुग्णालयात जाताना औषधांच्या यादीला हे पान जोडूनच न्या.

वागणं एकाएकी बदललं, तर आधी शरीर तपासा

बहुतेक प्रकारचा डिमेन्शिया महिन्यांच्या, वर्षांच्या चालीने पुढे सरकतो. एखादी व्यक्ती काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत वेगळीच वागू लागली, तर 'आजार वाढला' असं म्हणून गप्प बसू नका. हे बहुधा डिलिरियम, म्हणजे एकाएकी उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असतं आणि त्यामागे उपचार करता येण्याजोगं कारण असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बरेच दिवस साफ न झालेला कोठा, पाणी कमी पडणं, रक्तातली साखर वर-खाली होणं, नवं औषध किंवा बदललेला डोस, पडून डोक्याला लागलेला मार. आरडाओरडा करणारं डिलिरियम सगळ्यांच्या लक्षात येतं. गप्प गप्प, पेंगुळलेलं, खाणं सोडून पडून राहणारं डिलिरियम मात्र निसटतं, आणि तेच अधिक घातक ठरतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या जुन्या गोळ्यांवरही नजर ठेवा. डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन अशी औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात. डिमेन्शियासाठी दिलं जाणारं डोनेपेझिल हेच रसायन टिकवायला धडपडत असतं. दोन्ही सोबत चालू असतील तर एक दुसऱ्याचा परिणाम पुसतं आणि गोंधळ वाढतो.

दुखणं ही सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी बाब. 'दुखतंय का?' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं म्हणून दुखत नाही असं धरू नका. श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन दहापैकी बेरीज करण्याची 'पेनॅड' नावाची पद्धत रुग्णालयांत वापरतात. घरीही ती जमते. मात्र व्यक्ती निवांत बसलेली असताना एकदा आणि उठवताना किंवा कूस बदलताना एकदा, असं दोनदा बघा, कारण बरीच दुखणी हालचालीतच उघडी पडतात. दात, हिरड्या, कवळी कुठे रुतते का, पायाची नखं, गुडघे, माकडहाडावरची कातडी हे सगळं बघून घ्या. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांमधल्या ३५२ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेदनेवर पायरीपायरीने उपचार केलेल्या गटाची बेचैनी आठ आठवड्यांत नेहमीची काळजी मिळणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. त्या पायऱ्यांमधली पहिली पायरी होती साधं पॅरासिटामॉल. डोस मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

शरीरात कारण सापडलं नाही, तर आठवडाभर नोंद ठेवा. तीन रकाने पुरतात: आधी काय घडत होतं, नेमकं काय झालं, नंतर कोणी काय केलं. 'आक्रमक झाले' असं लिहू नका. 'मागून येऊन सदऱ्याची बटणं काढायला घेतली, तेव्हा मनगटावर फटका मारला' असं लिहा. पहिल्या वाक्याचा शेवट गोळीत होतो. दुसरं वाचताच पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं.

जवळ जाणं आणि बोलणं

समोरून जा. डिमेन्शियात नजरेचा पसारा आक्रसतो, त्यामुळे बाजूने किंवा मागून आलेला माणूस एकदम उगवल्यासारखा भासतो. हातभर अंतर राखून थांबा, नावाने हाक मारा, स्वतःचं नाव सांगा आणि हात पुढे करा. तो हात त्यांनी धरला की थोडं बाजूला सरका आणि डोळ्यांच्या पातळीला किंवा खाली बसा. कामाचं बोलणं त्यानंतर.

एका वाक्यात एकच गोष्ट. 'चला, उठून चप्पल घाला आणि बाहेर येऊन बसा' यात तीन कामं आहेत. 'उठू या' म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात, पण ऐकलेल्या वाक्याचा अर्थ लागायला आणि अंग हलवायला तेवढा वेळ खरंच लागतो. उत्तर आलं नाही तर तेच शब्द पुन्हा म्हणा. शब्द बदलले की डोक्यात चाललेलं काम पुसलं जातं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

'मला ओळखलंत का?' असं विचारू नका. 'मी तुमची भाची, तुम्हाला भेटायला आले' असं सांगा. निवड करायची असेल तर दोनच वस्तू हातात धरून दाखवा. बोलण्याआधी टीव्ही बंद करा, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे ना ते बघा, कानात मळ साठला आहे का तेही बघून घ्या. आणि जन्मभर 'अहो-जाहो' ऐकलेल्या माणसाला 'चल रे बाळा, तोंड उघड' म्हणू नका. बोलणाऱ्याच्या मनात माया असली तरी ऐकणाऱ्याचा मान दुखावतो, आणि तो दुखावल्याचं त्याला पक्कं कळतं. शब्द विसरले तरी सूर कळत राहतो.

अंघोळ

सर्वांत जास्त झटापट इथे होते, म्हणून थोडं सविस्तर. त्या व्यक्तीच्या बाजूने बघा: थंडगार खोली, कुणीतरी अनोळखी आपले कपडे उतरवतंय, का ते कळत नाही, आणि एकदम डोक्यावर पाणी. तिथे प्रतिकार होणं अगदी साहजिक आहे. अमेरिकेत ६९ जणांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अंघोळीची पद्धत माणसाप्रमाणे बदलली, तेव्हा मारणं-ओरबाडणं निम्म्याहून अधिक घटलं. अंथरुणातच टॉवेलने अंघोळ घातलेल्या गटात ते आणखी थोडं जास्त घटलं.

तयारी आधी पुरी करा. खोली इतकी उबदार हवी की अंगावर कपडे असलेल्या तुम्हाला उकडेल. टॉवेल, कपडे, साबण सगळं हाताशी ठेवा, कारण मध्येच सोडून जावं लागलं की भीती वाढते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासा. साधारण ३७ ते ३८ अंश सेल्सियस ठीक. वापरत असाल तर अंघोळीच्या खुर्चीच्या बैठकीवर टॉवेल घाला, थंड प्लास्टिक अंगाला लागलं की माणूस दचकतो.

त्यानंतर असं करा:

१. 'अंघोळ' हा शब्दच नको असेल तर तो टाळा. 'पाय गरम पाण्याने शेकू या' म्हणा, आणि खरोखर पायांपासूनच सुरू करा.
२. खांद्यांवर आणि मांडीवर टॉवेल पांघरलेले राहू द्या. जो भाग धुवायचा तेवढाच उघडा करा, धुवा, टिपा, झाका.
३. एक फडकं त्यांच्याच हातात द्या. तोंड आणि छाती त्यांना स्वतः पुसू द्या. जमत नसेल तर तुमचा हात त्यांच्या हाताखाली ठेवून हालचाल सुरू करून द्या. वरून मनगट पकडलं की ते हात मागे ओढणारच.
४. पुढे काय करणार ते प्रत्येक वेळी आधी सांगा: 'आता पाठ.'
५. डोकं सगळ्यात शेवटी. केस धुणं वेगळ्या दिवशी ठेवलं तर फारच उत्तम.

'नको' हे दोनदा आलं की थांबा, टॉवेल गुंडाळा, वीस-तीस मिनिटांनी पुन्हा या. रोज संपूर्ण अंघोळ झालीच पाहिजे असा वैद्यकीय नियम नाही. चेहरा, हात, काखा, जांघा आणि गुप्तांगं रोज स्वच्छ केली, तर पूर्ण अंघोळ आठवड्यातून दोनदा पुरते.

बाथरूमची भीती जातच नसेल तर अंथरुणातली टॉवेल-अंघोळ करा. साधारण दोन लिटर पाणी ४० ते ४३ अंशांचं घ्या, त्यात धुवावा न लागणारा द्रव साबण सुमारे ३० मिलिलिटर मिसळा. मोठा टॉवेल त्यात भिजवून पिळा, हातात धरून ऊब सोसवते ना ते बघा आणि एका बाजूने पांघरूण काढत गळ्यापासून पायापर्यंत पसरा. मग टॉवेलवरूनच हलक्या हाताने चोळा. टॉवेल पटकन गार होतो, म्हणून वरून कोरडी चादर हवीच. नंतर कुशीवर वळवून दुसऱ्या उबदार टॉवेलने पाठ, आणि वेगळ्या फडक्याने गुप्तांगं.

'मला घरी जायचंय'

स्वतःच्याच घरात बसून हे वाक्य येतं, बहुधा संध्याकाळी. 'हेच तुमचं घर' असं सांगून वाद सुटत नाही. आधी शरीर: लघवी लागली आहे का, भूक, थंडी, थकवा? मग भावना: 'घरची आठवण येतेय. घरी कोण कोण असायचं?' थोडं बोलू द्या, बरोबर चार पावलं चाला, मग हाताला काहीतरी काम द्या. दुपारी एखादी डुलकी, चार वाजताच दिवे लावणं आणि त्या वेळेला घरातली वर्दळ कमी करणं याने संध्याकाळची घालमेल पुष्कळ हलकी होते.

गेलेल्या माणसांविषयी विचारलं तर? दर वेळी मृत्यूची बातमी नव्याने सांगणं म्हणजे दर वेळी नवं दुःख देणं, आणि ते लक्षातही राहत नाही. पण 'येतील हं बाजारातून' असं रचून सांगणंही बरं नाही. वाट बघणं वाढतं, आणि फसवल्याची शंका आली की विश्वास तुटतो. त्या माणसाविषयी बोलायला लावा, बरेचदा तेवढ्याने मन भरतं. व्यक्ती शांत असताना सरळ डोळ्यांत बघून 'ते गेले का?' असं विचारत असेल, तर मात्र खरं सांगा, हात धरून सांगा, आणि नंतर तिथेच थांबा.

जेवण

ताटलीचा रंग अन्नाच्या रंगाहून वेगळा असावा. पांढऱ्या ताटलीतलं पांढरं अन्न दिसतच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं भूक नाही. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा. चमचा जमेनासा झाला की हातात धरून खाता येईल असं द्या. बसणं सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि खाल्ल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. गिळताना खोकला, ओलसर घोगरा आवाज, गालात साठलेला घास दिसला तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाक्-उपचारतज्ज्ञांना दाखवा. दर महिन्याला वजन करा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर डॉक्टरांकडे जा.

अगदी शेवटच्या टप्प्यात पोटात नळी घालण्याचा प्रश्न येतो. वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीची शिफारस स्पष्ट आहे: प्रगत डिमेन्शियात नळीऐवजी हाताने, काळजीपूर्वक भरवावं. नळीने आयुष्य वाढल्याचा किंवा न्यूमोनिया टळल्याचा पुरावा नाही. ही चर्चा कुटुंबात आणि शक्यतो त्या व्यक्तीशी, फार आधी व्हायला हवी.

हाताला काम

नुसती करमणूक पुरत नाही. आपला कुणाला तरी उपयोग आहे हे जाणवावं लागतं. कामाच्या पायऱ्या पाडा आणि जी जमते तेवढी त्यांना द्या. कपड्यांच्या घड्या पूर्ण जमत नसतील तर तुम्ही तीन घड्या घाला, शेवटची त्यांनी घालावी. मग काम पूर्ण झाल्याचं समाधान त्यांच्या वाट्याला येतं. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्यांच्या देखत त्याच घड्या उसकटून पुन्हा घालू नका. हिशेबनीसाला पावत्या लावायला द्या, सुताराला पॉलिश पेपर आणि लाकडाचा तुकडा द्या. हात बरंच काही लक्षात ठेवतात.

घरात एवढं बदला

कमोडची सीट भिंत आणि फरशीपेक्षा वेगळ्या, ठसठशीत रंगाची. गडद पायपुसणी काढा, ती खड्ड्यासारखी दिसतात. चकाकणारी फरशी ओली वाटते आणि पाऊल अडतं. आरशातला माणूस अनोळखी वाटून भीती बसत असेल तर आरसा झाका. रात्री पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा चालू ठेवा.

मन शांत करणाऱ्या गोळ्या

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडॉन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही अँटिसायकोटिक औषधं बेचैनीवर पटकन लिहून दिली जातात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये नव्या पिढीच्या अशा औषधांबाबत ठळक इशारा दिला: १७ चाचण्या एकत्र पाहता डिमेन्शिया असलेल्या वृद्धांतल्या मृत्यूचं प्रमाण औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत १.६ ते १.७ पट होतं. २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात तर हॅलोपेरिडॉलने शरीर ताठरून जीवावर बेतू शकतं, त्यामुळे निदानाचा प्रकार प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलेला असावा.

स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, किंवा यातना असह्य असतील, आणि बाकीचे उपाय करून झाले असतील, तेव्हा या औषधांना जागा आहे. तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: नेमकं कोणतं लक्षण कमी होणं अपेक्षित आहे, सर्वांत कमी डोस कोणता, चार आठवड्यांत फरक पडला नाही तर काय, आणि फरक पडला तर कमी करत बंद करायचा प्रयत्न कधी. चालू असलेली गोळी मात्र स्वतःहून एकदम थांबवू नका.

जमतंय का, ते कसं ओळखायचं

शांतता हे चांगलं माप नाही. गोळीने पेंगणारा माणूसही शांत असतो. दुसऱ्या खुणा बघा. स्वतःहून कुणाला हाक मारतात का, हसतात का, दुसऱ्याला काही देऊ करतात का, केस सारखे करतात का, आणि 'नको' असं ठामपणे म्हणतात का. 'नको' वाढलं तर काळजी घेणाऱ्याला अवघड वाटतं, पण त्यात स्वतःची इच्छा शाबूत असल्याची खात्री असते.

शक्य तितके तेच ते चेहरे ठेवा. पाळी बदलताना 'काही त्रास नाही' एवढ्यावर भागवू नका. आज काय नवं कळलं ते सांगा आणि पानावर चढवा. आठवड्यातून ठरलेले काही तास मुख्य काळजीवाहकाला पूर्ण मोकळीक द्या, आणि त्या तासांत येणाऱ्याला पान वाचायला देऊन निदान दोनदा सोबत बसवा, म्हणजे तिसऱ्या वेळी तो परका वाटणार नाही.